हौद्याचा घाम

ही गोष्ट घडायला अजून काही वर्षं अवकाश आहे, पण मी तिथं होतो. कसा होतो ते विचारू नका. विचाराल तर मी सांगायला बसेन, आणि मग तुमचं जेवण राहील.

तर कसबा भोगेवाडी. उसावर फवारायला ड्रोन आले होते, म्हशी पिळायला यंत्रं आली होती. एका हौशी माणसानं तर मुलीच्या लग्नात अक्षता टाकायचं यंत्र आणलं होतं. त्यानं पहिल्याच मंगलाष्टकाला भटजींचा चष्मा फोडला. सगळं गाव असं पुढं गेलं, एक तालीम तेवढी होती तिथंच राहिली. तांबड्या मातीचा हौदा, भिंतीला मारुतीची तसबीर, कोपऱ्यात लाकडी जोड्या आणि मधोमध वस्ताद धनाजी चौगले.

धनाजीचा हात म्हणजे काय सांगावं! बिथरलेली म्हैस शिंगं रोखून आली की हा तिच्या कपाळावर एक थाप द्यायचा, म्हैस गुडघे टेकायची. एकीनं तर त्यानंतर आठवडाभर दुधाऐवजी दहीच दिलं. मी हे सांगायला लागलो की धनाजीची बायको रूपाली आतनं ओरडायची, "दही न्हवं आप्पा, ताक!"

पण त्या वर्षी जत्रेच्या मैदानात जे झालं, त्यात माझ्या पदरचं काही नाही.

शेजारच्या गावचा जोतीराम म्हणून एक तरणा पैलवान लढत होता. समोरच्यानं त्याचा हात मागं पिरगाळला. खांदा निखळल्याचा आवाज आम्हाला तिसऱ्या रांगेत ऐकू आला. जोतीराम हसला. त्याच लोंबत्या हातासकट तो उलटा फिरला, समोरच्याला खाली घातलं आणि त्याच्या कानाचा लचका तोडला. पंच सोडवायला गेले, तर पंचांना उचलून हलगीवाल्याच्या अंगावर फेकलं. मग मैदानाच्या मधे उभं राहून धड हातानं शड्डू ठोकला आणि रक्ताळलेल्या तोंडानं ओरडला, "आणि कोण हाय?" ओरडता ओरडताच कोसळला. नाकातनं रक्ताची धार लागली. स्ट्रेचर येईपर्यंत संपला होता.

डॉक्टरांनी सांगितलं, ठिणगी.

ठिणगी हे तेव्हा नव्यानं आलेलं टोचायचं औषध. कुठल्या तरी कारखान्यात, दुखणं मारायचं काही तरी शोधता शोधता चुकून सापडलेलं. ते दोन कामं करायचं. काळजाला चाबूक मारल्यागत पळवायचं, आणि अंगातनं मेंदूकडं जाणारा दुखण्याचा निरोप वाटेतच अडवून ठेवायचं. माणूस मोडत असतो आणि त्याला वाटतं आपण वाढतोय. पोरांना हेच पाहिजे असतं. बरं, रक्तात ती अर्धा दिवससुद्धा टिकत नसे, त्यामुळं तपासणीत सगळे साधुसंत.

म्हणून घामपट्टी आली.

आरोग्य केंद्राच्या डॉक्टर शबनम मुजावर यांनी ग्रामसभेत ती दाखवली. बोटभर पांढरी चिकटपट्टी. बाई समजावून सांगण्यात पटाईत. त्यांनी पायातली चप्पलच काढून टेबलावर ठेवली.

"ही मी दोन वर्षं वापरतेय. तिच्यावर माझ्या पायाचा खळगा पडलाय. उद्या वस्तादांनी ती घातली तर?"

"फाटंल!" कुणीतरी मागनं ओरडलं.

"बरोबर. कारण खळगा माझ्या पायाचा आहे. आता, प्रत्येक पदार्थ बारीक बारीक रेणूंचा बनलेला असतो आणि प्रत्येक रेणूला आपापला आकार असतो. ह्या पट्टीवर एक पातळ थर आहे. तो ओला असताना त्यात ठिणगीचे रेणू मिसळले, आणि वाळल्यावर धुऊन काढले. मागं राहिले खळगे. त्यात दुसरा कुठला रेणू नीट बसत नाही. घामातनं ठिणगीचा आला की बरोबर बसतो, थरातली वीज जराशी हलते आणि पट्टी जांभळी होते. रक्तातनं गेलेली ठिणगी घामातनं पुढं कितीतरी दिवस थोडी थोडी येत राहते. एक लक्षात ठेवा, लावायच्या आधी कातडी साबणानं स्वच्छ धुवायची. आणि पट्टी जांभळी झाली तर पोराला मारायचं नाही. माझ्याकडं आणायचं."

शेवटची दोन वाक्यं कुणाच्या कानात गेली नाहीत. तोवर खोक्यावर झुंबड उडाली होती.

पुढच्या महिन्यात गावानं काय बघितलं! बापलोक पोरांच्या मागं पट्टी घेऊन धावत होते आणि पोरं उसात लपत होती. सोयरीक जुळवताना आधी पट्टी मागायला लागले. एका मास्तरानं अख्खा वर्ग ओळीत उभा करून दंडांवर पट्ट्या चिकटवल्या. जांभळी निघाली की त्या घरातनं भांडी बाहेर यायची, मग पोरगं, मग पोराची आजी मधे पडून. कुंभार गल्लीत एकानं पोराला विजेच्या खांबाला बांधून फोडलं, आणि सोडवायला आलेल्या भावाचा गुडघा मोडला. बाईंकडं पोरं येत होती खरी, पण आधी प्लास्टर घालून घ्यायला.

धनाजीला या सगळ्याचं हसू यायचं. "आमच्या तालमीत कशाला पट्टी? इथली पोरं तूप-बदामावर वाढल्याती." त्याच्या बोलण्यात जोर होता, कारण येत्या मैदानात त्याचा पोरगा उतरणार होता. समरजित. सोळावं सरून सतरावं लागलेलं, उंच, गप्प. गेल्या पावसाळ्यापर्यंत हलक्या पैलवानांकडनं सुद्धा चितपट व्हायचा आणि प्रत्येक वेळी वस्तादाची थोबाडीत खायचा. धनाजीची शिकवण्याची तऱ्हाच ती. डाव चुकला की थोबाडीत, पाय चुकला की कंबरेत लाथ, आणि रडला तर भिंतीवर. पण दिवाळीनंतर समरजित बदलला. मोठ्या मोठ्यांना आडवा करायला लागला. भिंतीवर आपटला तरी उठून परत समोर उभा.

"दम आला पोरात," धनाजी मला म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

रूपालीला तो दम दिसत नव्हता. एकदा मी त्यांच्या सोप्यात पानाचं तबक घेऊन बसलो होतो, तेव्हा तिनं धनाजीजवळ विषय काढला.

"पोरगं दात खातंय सारखं. झोपत न्हाई. भाकरी कुस्करतंय आणि ताट सारतंय."

"वाढतं वय हाय."

"वाढत्या वयाला भूक लागती. परवा शेगडीवरचा तवा नुसत्या हातानं उचलला त्यानं. तळव्याला ह्यो एवढा फोड आला, पण तोंडातनं हूं न्हाई की चूं न्हाई."

"पैलवानाचा हात हाय त्यो."

"मी आई हाय त्याची. मला नका हात शिकवू. जोतीरामाच्या आईला बी असंच वाटलं असंल, दम आलाय म्हणून." तिनं कमरेला खोचलेली घामपट्टी काढून त्याच्यासमोर ठेवली. "मैदानाआधी बघून घ्या. आणि त्याच्याशी बोला जरा."

"रोज बोलतोय की."

"रोज आपटताय. बोलताय कधी?"

धनाजी माझ्याकडं बघून हसला. पण पट्टी त्यानं उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहनत संपल्यावर त्यानं समरजितला हौद्यात उभा केला. बाकीचे पैलवान कडेनं बसले. मी नेहमीप्रमाणं दाराच्या उंबऱ्यावर, कारण तिथनं तालीमही दिसते आणि रस्ताही. रूपाली बाहेर थांबली होती. तिनं आत साबणाची वडी पुढं केली.

"बाईंनी सांगितलंय, धुऊन लावायची."

कडेचे पैलवान उठूनच उभे राहिले. तुम्ही तालमीतले नसाल म्हणून सांगतो. हौद्यात साबण आणणं म्हणजे देवळात चपला घालून जाण्यासारखं. ती माती म्हणजे नुसती माती नव्हे. तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर ओतून ओतून मुरवलेली. खरचटलं तर ती लावायची, ताप आला तर ती चोळायची. अंगाचा घाम मातीनंच पुसायचा आणि माती तिथंच झाडायची. धनाजीच्या आज्यापासून कुणी ती माती बदलली नव्हती, नुसती भर घातली होती.

"साबण आपल्या घरात ठेव," धनाजी म्हणाला. "ह्या मातीपेक्षा चोख काय हाय जगात?"

त्यानं वाकून ओंजळभर माती उचलली, कपाळाला लावली आणि पोराच्या दंडावर कातडी लाल होईस्तोवर खसाखसा चोळली. पंच्यानं पुसली. वर पट्टी चिकटवली.

पट्टी आधी गुलाबी झाली. मग पिकल्या जांभळासारखी.

"काय हाय हे?"

"मला न्हाई म्हाईत."

"कुणी दिली तुला?"

"मी काय घेत न्हाई, वस्ताद."

पहिल्या चपराकीला समरजित गर्रकन फिरला आणि भिंतीवर तोंडानं आदळला. धनाजीनं मानगूट धरून उठवलं आणि पोटात गुडघा घातला. एकदा, दोनदा. पोराच्या तोंडातनं सकाळचं दूध आलं आणि त्याच्यामागं रक्त. "कुणी दिली? बोल! जोतीराम व्हायचंय तुला? जत्रेत मरायचंय? त्यापरीस मीच मारतो!" आणि त्यानं कोपऱ्यातली जोडी उचलली, घुमवायची ती, कमरेएवढी लाकडी. ती डाव्या खांद्यावर उतरली तेव्हा सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज झाला.

समरजित उठून उभा राहिला.

मी आयुष्यात पुष्कळ खोटं सांगितलंय, पण ते बघून माझी बोलती बंद झाली. खांदा खाली उतरलेला, आणि चेहरा असा की कुणीतरी पत्ता विचारतंय.

दुसरा घाव उतरायच्या आत बसवराज मधे पडला. हा सीमेपलीकडच्या कानडी मुलखातनं आलेला, तालमीतच राहणारा, डोंगराएवढा आणि गाईसारखा गरीब पैलवान. सगळे त्याला अण्णा म्हणत. समरजितला पहिले डाव हळू हातानं त्यानंच शिकवले होते. त्यानं वस्तादाचं मनगट धरलं आणि आधी कानडीत, मग मराठीत म्हणाला,

"बिडी वस्ताद, सोडा. पोरगं मरतंय."

धनाजीनं कोपर फिरवलं. अण्णाचा पुढचा दात मातीत पडला, पण मनगट त्यानं सोडलं नाही.

तेव्हा समरजित बोलला. रक्त थुंकून, अगदी सावकाश. "स्वतःला लावा की पट्टी."

त्या हौद्यात वस्तादाला असं कुणी बोललं नव्हतं.

"लावतो!" धनाजी गरजला. "ह्या अंगात चहाचा घोट गेला न्हाई कधी. बघ!" त्यानं आपल्या दंडावर माती चोळली, पंचा फिरवला, पट्टी मारली.

गुलाबी. जांभळी.

मग जी धांदल उडाली! पैलवानांनी एकमेकांच्या दंडावर पट्ट्या मारल्या. सगळ्या जांभळ्या. कुणीतरी माझ्या कपाळावर मारली. उंबऱ्यावर बसताना मी रोज तिथं माती टेकवायचो. ती अशी गडद झाली की नव्या नवरीनं मिरवावी.

"आप्पा, तुम्ही बी?"

"लेका, माझं काळीज ठिणगीनं पळत असतं तर मी इथं कशाला बसलो असतो?"

पहिल्यांदा एकजण हसला, मग सगळी तालीम. समरजितही हसला. मला ते सुटकेचं हसू वाटलं. होतंही सुटकेचंच. धनाजीच्या हातातनं जोडी गळून पडली. त्यानं पोराला मिठीत घेतलं आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. "पट्टी खोटी हाय! माझं लेकरू धुतल्या तांदळागत हाय आणि मी..."

"त्याचा खांदा बघा आधी!" रूपाली दारातनं ओरडत होती. "हात लोंबतोय त्याचा, दिसत न्हाई का?"

कोण ऐकतंय? पोराला खांद्यावर घेऊन तालीम रस्त्यावर आली होती. "पट्टी खोटी हाय" हे ऐकलं आणि दारादारातनं माणसं निघाली. ज्यांनी पोरं फोडली होती ते तर सगळ्यात पुढं. आपल्या हाताचं पाप टाकायला त्यांना एक जागा सापडली होती. विजेच्या खांबाला पोरगं बांधणारा कुदळ घेऊन आला.

आरोग्य केंद्राच्या आवारात आधी खिडक्या गेल्या. मग औषधांचं कपाट बाहेर आलं. पट्ट्यांची खोकी अंगणात ओतून पेटवली, तो जळक्या प्लास्टिकचा वास अजून माझ्या नाकात आहे. दाराची कडी धनाजीनं एका लाथेत तोडली. डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि कुठनं तरी आलेली अर्धी वीट त्यांच्या भुवईवर बसली. बाई खाली बसल्या, ओढणी जखमेवर दाबली आणि परत उभ्या राहिल्या.

"पट्टी खोटी नाही," त्या म्हणाल्या.

"आम्ही सगळे ठिणगी घेतोय व्हय?" धनाजी त्यांच्या अंगावर गेला. "मी घेतोय? ह्यो म्हातारा घेतोय?"

"लावण्याआधी हात कशानं धुतले?"

"मातीनं. आमच्या हौद्याच्या मातीनं."

बाईंनी एक डोळा मिटला. त्यात रक्त उतरत होतं. "वस्ताद, ठिणगीचा रेणू पाण्यात फारसा विरघळत नाही. तेलात विरघळतो, आणि तेलात गेला की दिवसेंदिवस तसाच राहतो. तुम्ही हौद्यात तेल ओतता. घाम मातीनं पुसता आणि माती तिथंच झाडता. म्हणजे रोज ज्याच्या त्याच्या अंगातलं त्या तेलात साठतं. पट्टीनं तुमचा घाम वाचलाच नाही. तिनं हौदा वाचला."

"म्हणजे आमी कुणी घेत न्हाई?"

"म्हणजे कुणीतरी एकजण घेतो. बरेच महिने, रोज. आणि त्याचं काळीज कुठल्या कुस्तीत थांबेल ते मी सांगू शकत नाही."

जमाव गप्प झाला, पण आगीसमोर गप्प उभी राहिलेली माणसं फार वेळ गप्प राहत नाहीत. एकानं दुसऱ्याकडं बघितलं. "तुझं वजन लई वाढलंय ह्या साली." "तुझ्या आईला विचार वजन!" आणि भिडलेच. मान, मूठ, गुडघा. आखाड्यात त्याला डाव म्हणतात, तिथं त्याला नाव नव्हतं. कुणाचं तरी बोट मोडलं, कुणाचं तरी डोकं हातपंपाच्या दांड्यावर आपटलं. आणि मग, गावांचं जे होतं तेच झालं. कुणीतरी ओरडलं, "त्यो अण्णा कोण कुठला? त्योच घेऊन आला असंल!"

"पोराला सोडवायला उगाच मधी पडला काय?"

"आमचा हौदा बाटवला ह्यानं!"

डोंगराएवढ्या माणसाला खाली पाडायला वेळ लागतो, पण माणसं पुष्कळ असली की लागत नाही. बसवराज गुडघ्यावर आला. "इल्ला, नानल्ला, मी न्हाई," तो म्हणत होता, दोन्ही भाषा एकात एक मिसळून, पडलेल्या दाताच्या फटीतनं. कुणी पाठीत लाथा घालत होतं. कुणी जळकं खोकं उचलून त्याच्या मानेवर ठेवलं, आणि मांस जळल्याचा वास प्लास्टिकच्या वासात मिसळला. कुदळवाला पुढं सरकला.

त्याच्या हातून अण्णा वाचणार नव्हता, हे मला दिसत होतं. समरजितलाही दिसत होतं.

तो बापाच्या खांद्यावरनं केव्हाच उतरला होता. अंगणाच्या कडेच्या नळाशी गेला. उजव्या हातानं तोटी सोडली, उजवाच दंड धारेखाली धरला. पण धुणार कुठल्या हातानं? डावा लोंबत होता.

"आई," तो म्हणाला, "साबण लाव."

रूपालीच्या मुठीत वडी अजून होती. तिनं त्याच्याकडं बघितलं, आणि तिला कळलं. आईला ते पट्टीशिवाय कळतं, कळून घ्यायचं धाडस तेवढं लागतं. तिनं काही विचारलं नाही. लहानपणी आंघोळ घालायची तसा तिनं तो हात खांद्यापासून मनगटापर्यंत घासला. तांबडं पाणी पायांवरनं वाहिलं, मग पिवळट, मग स्वच्छ. दंडाच्या आतल्या बाजूला, मातीखाली इतके दिवस न दिसलेले, बारीक काळे ठिपके ओळीनं उठून दिसले.

"बाई, पट्टी हाय का एखादी?" समरजित मोठ्यानं ओरडला. "अण्णाला सोडा! मी लावतोय!"

डॉक्टरबाईंच्या खिशात एक होती. त्यांनी ओढणीचा बोळा दुसऱ्या हातात घेतला आणि ती लावली. सगळं अंगण बघत होतं. कुदळ हवेतच राहिली.

ह्या वेळी गुलाबीपाशी थांबलीसुद्धा नाही.

लोक बाजूला झाले. धनाजी चालत आला. मूठ वळलेली, छाती भात्यासारखी हलणारी. अण्णानं जमिनीवर पडल्या पडल्या हात वर केला, सोडवायला. रूपाली मधे आली, तर धनाजीनं तिला एका हातानं बाजूला केलं. मूठ वर गेली.

"मारा," समरजित म्हणाला. "मला लागत न्हाई."

समरजित तसूभरही मागं सरला नाही.

"तुमचं लागू नये म्हणून तर घेतोय. एकदा टोचली की भिंत लागत न्हाई, लाथ लागत न्हाई. मग उभं राहता येतंय तुमच्याम्होरं." तो हसला, मघाशी हौद्यात हसला तसाच. "मारा की. सकाळी खांदा मोडलाय तुम्ही. मला अजून कळलं न्हाई."

मूठ तिथंच थांबली. मला वाटतं, तेवढ्या वेळात धनाजी म्हातारा झाला. पण ही माझी सांगायची पद्धत, एरवी त्याचे केस तसेच काळे होते.

बाईंनी पोराच्या मनगटाची नाडी धरली आणि त्यांचा आवाज बदलला. "ह्याला आत घ्या. आत्ताच्या आत्ता. सकाळी घेतलेली उतरायला लागलीय."

आत एकच खाट धड राहिली होती. त्यावर त्याला निजवलं. हृदयाच्या यंत्राचा काचेचा पडदा फोडलेला होता, नुसता आवाज येत होता, टिकटिक नव्हे, पळत्या घोड्याचा. बाई भरभर काम करत बोलत होत्या. "ऐका. ठिणगी दुखणं मारत नाही. अडवून ठेवते. ती उतरली की निरोप एकदम पोचतात, सगळे. खांदा, बरगड्या, पोट, जे काय असेल ते. मी आता दुखण्यावरचं औषध देऊ शकत नाही, ठिणगी रक्तात असताना दिलं तर काळीज थांबेल. ती जाईपर्यंत त्याला असंच काढायला लागेल. आणि तो हातपाय झाडेल. मोडलेलं हाड फुप्फुसात गेलं तर मी काही करू शकणार नाही. कुणीतरी त्याला धरून ठेवायला पाहिजे. हलू द्यायचा नाही, आणि दाबायचाही नाही."

पैलवान पुढं झाले. धनाजीनं त्यांना हातानं मागं सारलं.

तो खाटेवर चढला, पोराच्या पाठीमागं बसला आणि त्याला छातीशी घेतलं. त्या हातांना पकडी शंभर येत होत्या, ही येत नव्हती. रूपालीनं त्याचं मनगट धरून दाखवलं, इथं नको, इथं. धड खांद्याखालनं. हां.

मग ते आलं.

आधी समरजितचं कपाळ आक्रसलं, जणू दूरवर कुणी हाक मारतंय. मग त्याचे डोळे खांद्याकडं वळले. आणि मग त्यानं जी किंकाळी फोडली ती मी इथं लिहून दाखवणार नाही. बाहेर अंगणात कुदळवाला खाली बसला. पोरगं बापाच्या मिठीत कमानीसारखं वर आलं. डोकं मागं आपटलं, धनाजीच्या नाकातनं रक्त फुटलं. टाच खाटेच्या गजावर. पुन्हा डोकं. यंत्रातला घोडा चौखूर उधळला, मग अडखळला, आणि बाई यंत्राकडं बघत नुसत्या उभ्या राहिल्या. घोडा परत पळायला लागला.

"सोडा! सोडा मला!" त्यानं मान वळवली आणि धनाजीच्या दंडात दात रोवले. खोल. धनाजीचे डोळे पांढरे झाले. त्यानं तोंडातनं आवाज काढला नाही आणि हातही हलवला नाही. अख्ख्या आयुष्यात कुणी अंगावर आला आणि त्यानं उलटा हात केला नाही, असं हे पहिलंच.

अशा किती लाटा आल्या ते मी मोजलं नाही. शेजारच्या बाकावर अण्णाच्या मानेला मलम लावत होते. तो कण्हत होता आणि मधून मधून कानडीत समरजितला काहीतरी सांगत होता. लहान पोराला सांगतात तसं काहीतरी असावं. मला ती भाषा येत नाही.

उन्हं कलली तसा घोडा जरा मंद झाला. समरजितनं दात सोडले. त्याच्या ओठांवर बापाचं रक्त होतं. तो आता ओरडत नव्हता, रडत होता, लहान पोरं रडतात तसा, नाकातनं पाणी, हुंदके देत.

"पप्पा," तो म्हणाला. "दुखतंय."

धनाजीनं मान वाकवून कान त्याच्या तोंडाशी नेला.

"कुठं?"

"खांद्यात."

"हां."

"बरगडीत. ह्या अंगाला."

"आणि?"

समरजितनं डोळे मिटले आणि सांगायला लागला. गुडघा, भिंतीवर आपटला होता तो. कानामागं, पाऊस लागायच्या आधीचं. पाठीत, दसऱ्याला सगळ्यांसमोर लाथ घातली होती ते. प्रत्येक जागेला धनाजीनं हात न लावता नुसतं बघितलं आणि विचारलं, "आणखी कुठं?" बाईंनी आम्हाला सगळ्यांना बाहेर घालवलं तेव्हा पोरगं अजून सांगतच होतं.